नानकटाईला आकार का देता येत नाही?

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात औंधच्या एका शाळेत सातवीच्या मुलांबरोबर आम्ही बिस्किटे भाजायला बसलो. औंध म्हणजे पुण्याला लागून असलेले औंध नव्हे. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराचे औंध. विषय होता ‘उष्णता आणि पदार्थातील बदल’. पाठ्यपुस्तकातले मेणबत्तीचे आणि बर्फाचे प्रयोग मुलांना पाठ झाले होते, तेव्हा म्हटले निदान खाता येईल असे काही करू. एका मुलाच्या वडिलांनी पत्र्याच्या पट्ट्या वाकवून चांदणी, मासा आणि पान असे तीन साचे करून दिले. पीठ नानकटाईचे होते. घरोघरी तेच ठाऊक असते: दोन वाट्या मैदा, वाटीभर तूप, वाटीभर पिठीसाखर, चिमूटभर सोडा, वेलची-जायफळ.

पोळपाटावर घेतल्याबरोबर पीठ चिरफळले. कसेबसे दाबून चांदण्या कापल्या, त्या उचलताना मोडल्या. ज्या थोड्या ताटलीपर्यंत शाबूत पोहोचल्या, त्या भाजून निघाल्या तेव्हा त्यांचे टोक कुठे आणि पोट कुठे ते कळेना. माशाची भाकरी झाली होती. चव मात्र उत्तम होती, त्यामुळे वर्गात फारसे दुःख झाले नाही. पण एका मुलीने विचारले, “मग दुकानातल्या बिस्किटावर अक्षरंसुद्धा कशी राहतात?” आणि दुसऱ्याने लगेच, “आणि शंकरपाळ्याचे कोपरे तळताना का जात नाहीत?”

हे दोन्ही प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. उत्तर शोधताना रसायनशास्त्राइतकाच इतिहासही चाळावा लागला. त्यातला बराचसा इतिहास याच औंध संस्थानाच्या हद्दीत सापडला, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

आधी पिठाचे पाहू. गव्हाच्या पिठात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिने असतात. कोरड्या पिठात ती गप्प असतात. पाणी मिळाले आणि मळले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनची लवचीक जाळी होते. पोळी लाटता येते ती या जाळीमुळे. ज्वारीत ही प्रथिने नाहीत. म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात, आणि तीही गरम पाण्याने पिठातला स्टार्च थोडा चिकट करून घेऊन. पीठ जुने झाले की आपल्याकडच्या बायका ‘विरी गेली’ म्हणतात. तो भाकरीच्या पिठाचा बांधून राहण्याचा गुण.

आता मोहन. कडकडीत तेल किंवा तूप पिठात घालून आपण ते दोन्ही हातांनी चोळतो, मुटका वळला की पुरे म्हणतो. या चोळण्याने पिठाच्या कणांवर स्निग्ध पदार्थाचे अस्तर बसते. मागून पाणी आले तरी ते प्रथिनांपर्यंत पुरते पोहोचत नाही, जाळी लांबलचक होत नाही, तुकड्या-तुकड्यांची राहते. दाताखाली पदार्थ खुसखुशीत लागतो याचा अर्थ एवढाच. नानकटाईत हा प्रकार टोकाला जातो. तुपात पाणी जवळजवळ नसतेच. पीठ पाण्याविना, दुधाविना, नुसत्या फेसलेल्या तुपात भिजवायचे. जाळी तयार व्हायला वावच नाही. म्हणून नानकटाई जिभेवर विरघळते, आणि म्हणूनच ती लाटता येत नाही. तिचा हातावर गोळा वळायचा, थोडा चपटा करायचा, वर चारोळी किंवा पिस्त्याचा काप टोचायचा, बस्स. तिचा गोल आकार ही पिठाची लाचारी आहे.

भाजताना आणखी एक गोष्ट घडते. तूप तिशी-चाळिशीच्या अंशांतच वितळते. पिठाचा सांगाडा घट्ट व्हायला त्याहून पुष्कळ जास्त तापमान लागते. मधल्या वेळात गोळ्याला आधार कसलाच नसतो आणि तो पसरतो. त्यातच साखर विरघळून पाक होते आणि पिठाला आणखी पातळ करते. सोड्याचा वायू त्याला फुगवतो आणि फोडतो. नानकटाईवरच्या भेगा आपल्याला सुंदर वाटतात, पण चांदणीवर त्या नकोत.

शंकरपाळ्यात याच्या उलट. तिथे दूध किंवा पाणी, साखर आणि तूप एकत्र उकळून त्यात मैदा मळतात. पाणी आहे, म्हणून थोडी जाळी होते. मोहन आहे, म्हणून ती फार चिवट होत नाही. पोळी लाटली जाते, कातण्याने चौकोन पडतात आणि तापलेल्या तुपात पडल्याबरोबर बाहेरची कड क्षणात घट्ट होते. शंकरपाळे हे आपले साच्याने कापलेले बिस्किटच म्हणायचे, फक्त भट्टीऐवजी कढईतले. शब्द फारसी ‘शकरपारा’वरून आला. शंकराचा त्याच्याशी संबंध नाही, पण तोंडी बसताना नावाने देव पकडला.

मग प्रश्न येतो तो असा की, लाटणे होते, कातणे होते, करंजीची नक्षी होती, मोदकाचे साचे होते, मोहनाचे ज्ञान तर पक्के होते. तरी आपल्या स्वयंपाकघरात भाजून कापीव बिस्किट का झाले नाही? युरोपात लाकडी साच्यांत दाबून काढलेल्या मसालेदार रोट्यांची परंपरा मध्ययुगापासून आहे. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला तर अशा मधाच्या रोट्या करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ १६४३ मध्ये स्थापन झाला. पुढे साखर आणि लोणी आवाक्यात आल्यावर तिथल्या घरांत नाताळची चांदणी-झाडाची बिस्किटे रुळली. गंमत म्हणजे ‘बिस्किट’ शब्दाचा मूळ अर्थ ‘दोनदा भाजलेले’. तो जहाजावरच्या दगडासारख्या कडक रोटीचा होता. लोण्याच्या मऊ बिस्किटाने त्याचे नुसते नाव घेतले.

उत्तराचा एक भाग सरपणात आहे. खटाव-माण हा पर्जन्यछायेचा मुलूख. झाडे मोजकी. भाकरीला तवा तापला की दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि उष्णता थेट खालून मिळते. भट्टीचे तसे नाही. तिथे आधी विटा आणि माती तापवायची, मग त्या भिंतींनी चारी बाजूंनी उष्णता परत द्यायची. एका घराच्या दहा भाकरींसाठी एवढे लाकूड जाळणे कुणालाच परवडणारे नाही. भट्टी परवडते ती सतत चालणाऱ्याला, म्हणजे व्यवसाय करणाऱ्याला. खुद्द युरोपातही अनेक गावांत भट्टी सामाईक असे आणि लोक आपापले पीठ घेऊन तिथे जात. शिवाय गहू हा आपल्याकडे सणाचा. रोजचे जेवण ज्वारी-बाजरीचे, आणि त्यांची फुगीर रोटी होत नाही.

दुसरा भाग नाजूक आहे. वर्गात शिकवताना आपण तो बहुधा टाळतो.

भट्टीचे पदार्थ इथे आले ते परक्यांबरोबर. गोव्यात आणि वसईत पोर्तुगीजांबरोबर पाव आला. शब्दही त्यांचाच. यीस्ट नव्हते म्हणून पीठ ताडी-माडीने आंबवत. गोव्यात आजही पाव करणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात, आणि नाताळात तिथे नेवऱ्या, कुलकुल, बोलिन्य अशी ताटे फिरतात. नेवरी ही करंजीची सख्खी बहीण, आणि बोलिन्य मात्र भट्टीचे, खोबऱ्याचे. नानकटाईची कथा सुरतेची सांगतात. डच वखारवाल्यांसाठी चालणारी एक भट्टी, डच गेल्यावर तिथेच काम करणाऱ्या पारशी गृहस्थाकडे आली. ताडी आणि अंडी यांच्या संशयाने स्थानिक गिऱ्हाईक पावाला हात लावीना, तेव्हा त्याने दोन्ही वगळून नुसत्या तुपा-मैद्या-साखरेची नानखताई काढली, अशी ती कथा. सुरतेतल्या दोटीवाला घराण्याची बेकरी आपली परंपरा १८६१ पर्यंत मागे नेते. कथेचे सगळे तपशील तंतोतंत खरे असोत नसोत, तिच्यातले तर्कशास्त्र खरे आहे. इथल्या लोकांना पदार्थाची चव नको होती असे नाही. त्यांना त्यातली काही द्रव्ये आणि काही हात नको होते.

हात नको होते म्हणजे काय, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी पुण्यातल्या प्रतिष्ठितांना तिथे बोलावून नेले होते. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. व्याख्यान संपल्यावर चहा आणि बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी हातात घेऊन खाली ठेवली. पुढे हजर असणाऱ्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली आणि ग्रामण्य सुरू झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, घरच्या धर्मकृत्यांना भिक्षुक मिळेनासे झाले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारक मित्रांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. कपभर चहा आणि एक बिस्किट, आणि त्यावर दोन वर्षे शहर पेटलेले. मुलांना हे सांगितले तेव्हा ती हसली. आम्हीही हसलो असतो. पण बिस्किटांसाठी घरून जिन्नस आणायला सांगितल्यावर एका आजीने नातीमार्फत विचारून घेतले होते, की तूप कुणाच्या घरचे येणार आहे. हे आम्ही वर्गात बोललो नाही. बोलायला हवे होते असे आता वाटते.

या सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांत पाण्याला फार महत्त्व होते. पाण्यात शिजलेले किंवा भिजवलेले अन्न चटकन ‘खरकटे’ ठरे. दुधात भिजवलेल्या पदार्थाला किंवा तुपात तळलेल्याला सूट मिळे. प्रवासाला दशमी न्यायची ती दुधात भिजवलेली, याचे एक कारण ती टिकते हे, आणि दुसरे कारण ती चालते हे. आता नानकटाईकडे पुन्हा पाहा. तिच्यात पाण्याचा थेंब नाही. आमचा तर्क असा आहे की, परक्या भट्टीतून आलेल्या या एकाच पदार्थाला मराठी घरांनी इतक्या सहज दिवाळीच्या फराळात बसवले, त्याला हा कोरडेपणाही कारणीभूत असावा. ज्या गोष्टीमुळे ग्लुटेन होत नाही आणि नानकटाई विरघळते, तीच गोष्ट तिला खरकटेपणातूनही वाचवते. हा केवळ तर्क, पण विज्ञान आणि रूढी एकाच थेंबावर अशा क्वचित भेटतात.

याला जोड मिळाली ती एका सुंदर व्यवस्थेची. साताऱ्या-सांगलीकडच्या वाचकांपैकी चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना ती आठवत असेल. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत जायचे. बेकरीवाला पत्रे द्यायचा. तिथेच परातीत तूप फेसायचे, गोळे वळून पत्र्यावर मांडायचे, आणि पत्र्यावर ओळखीची खूण ठेवून रांगेत बसायचे. बेकरीवाला बहुधा मुसलमान, मोठ्या शहरांत इराणी. जिन्नस आपला, हात आपले, त्याचा फक्त अग्नी. पावाची भट्टी सकाळी कडक असते. पाव निघाला की तिच्या विटा हळूहळू निवत जातात, आणि त्या उतरत्या आचेवर नानकटाई आणि खारी भाजली जाते. म्हणजे जी उष्णता एरवी वाया जायची तिच्यावरच आपली दिवाळी. इंधनाच्या दृष्टीने याहून शहाणपणाची योजना सापडणे कठीण. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हवेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण गॅसच्या आणि विजेच्या भट्टीला निवत जाणाऱ्या विटा नसतात, एवढे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

कारखान्याचे बिस्किट याच काळात दुसऱ्या वाटेने येत होते. तिथेही हातांचा प्रश्न सुटला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ याच नावाची कंपनी निघाली. नावातच जाहिरात होती. मुंबईजवळ विलेपार्ल्यात १९२९ मध्ये चौहान कुटुंबाने गोळ्यांचा कारखाना काढला आणि सुमारे दहा वर्षांनी तिथे ग्लुकोज बिस्किटे होऊ लागली. यंत्राच्या बिस्किटाला कुणाचाच हात लागत नाही, आणि म्हणून ते सर्वांना चालते. आगगाडीत, इस्पितळात, शाळेच्या डब्यात ते पोहोचले त्यात चवीइतकाच या निर्हस्तपणाचा वाटा आहे, असे आम्हाला वाटते. बिस्किटावरची अक्षरे शाबूत राहतात ती या पिठात तूप कमी आणि पाणी बेताचे असते म्हणून. पहिल्या मुलीचा प्रश्न इथे सुटतो.

आता औंधकडे. औंध संस्थान नकाशावर शोधायला गेलात तर गोंधळाल. ते एकसंध नव्हतेच. औंध, आटपाडी, कुंडल आणि तिकडे विजापूरकडचे गुणदाळ असे ७२ गावांचे तुकडे. १९०९ पासून विलीनीकरणापर्यंत गादीवर होते भवानराव पंतप्रतिनिधी. चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले होते. आमच्या शाळेची सहल दरवर्षी ज्या डोंगरावरच्या संग्रहालयात जाते ते त्यांनीच १९३८ मध्ये उभे केले. जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता, आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन यांचे श्रम होते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला कैद्यांची कुंपण नसलेली वसाहतही त्याच वर्षीची.

या भवानरावांनी १९१० मध्ये बेळगावातून जागा गमावून निघालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर जमीन दिली. तिथे किर्लोस्करवाडी झाली आणि लोखंडी नांगर निघू लागले. कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काच कारखानाही याच संस्थानच्या आश्रयाने उभा राहिला. ‘प्रभाकर’ कंदील तिथला. आणि किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर’, १९३० मध्ये ‘स्त्री’ ही मासिके सुरू झाली. नांगराच्या कारखान्याशेजारच्या छापखान्यातून निघणारे ‘स्त्री’ मराठी घरांच्या माजघरात गेले. त्यात संसाराचे, शिक्षणाचे, वादाचे सगळेच विषय येत.

त्याच कुंडल गावात १९१३ मध्ये दांडेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली. शिक्षण चौथीपर्यंत. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती सांगलीला ओगल्यांकडे गेली आणि सासूच्या हाताखाली स्वयंपाक शिकली. त्या कमलाबाई ओगले. त्यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये किर्लोस्करांच्याच प्रकाशनातर्फे आले आणि त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. नव्या नवऱ्या मुलीच्या सामानात, परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या पेटीत ‘रुचिरा’ असायचेच.

पाकशास्त्राची पुस्तके मराठीला नवी नव्हती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे. मग ‘रुचिरा’त वेगळे काय? आम्हाला विज्ञानशिक्षक म्हणून जे वेगळे वाटते ते त्याचे माप. वाटी आणि चमचा. जुनी मापे शेर, पावशेर, तोळ्यांची; आणि शेर गावोगाव वेगळा. देशात दशमान वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण काटा कुठल्या स्वयंपाकघरात होता? वाटी प्रत्येक घरात होती. कुणी म्हणेल, वाटी तरी कुठे सारखी असते? पण हेच तर तिचे सौंदर्य आहे. ‘दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप’ हे वजन नाही, गुणोत्तर आहे. वाटी लहान असो की मोठी, गुणोत्तर बदलत नाही. सातवीला आपण गुणोत्तर आणि प्रमाण शिकवतो तेव्हा रेल्वेच्या डब्यांची आणि मजुरांची उदाहरणे घेतो. वाटी का घेत नाही? चौथी शिकलेल्या बाईंनी लाखभर घरांना जे समजावले ते गणितच होते.

गुणोत्तराला मर्यादाही आहेत, आणि त्या मुलांकडून शोधून घ्याव्यात. मैदा चाळून वाटीत अलगद भरा आणि वजन करा. मग तोच मैदा वाटीत दाबून भरा आणि पुन्हा वजन करा. आमच्या वर्गात फरक पाव हिश्श्याच्या जवळपास आला. म्हणजे ‘एक वाटी’ ही पिठाच्या बाबतीत तितकीशी एक नाही. दुसरे, जिन्नस दुप्पट केले तर भाजण्याचा वेळ दुप्पट होत नाही. तो बिस्किटाच्या जाडीवर ठरतो. चार ताटल्यांऐवजी आठ ताटल्या झाल्या तरी एकेका चांदणीच्या पोटापर्यंत उष्णता पोहोचायला तेवढाच वेळ लागतो.

आणखी एक वाटेतले. डाळीचे फेसलेले पीठ पाण्यात टाकून तरंगते का पाहतात, ती परीक्षा चांगली आहे. फेसून त्यात हवा भरली की ते हलके होते. एका मुलीने तीच परीक्षा फेसलेल्या तुपाला लावली आणि तूप तरंगल्यावर खूष झाली. मग तिला न फेसलेले तूप टाकायला सांगितले. तेही तरंगले. तूप मुळातच पाण्याहून हलके. परीक्षा ज्या कारणासाठी आहे ते कारण विसरले की असे होते. तुपात हवा भरली का ते रंगावरून ओळखावे. पिवळे तूप फेसून पांढुरके दिसू लागते.

सोड्याबद्दलही थोडे. खाण्याचा सोडा तापला की कार्बन डायॉक्साइड निघतो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. जास्त पडला तर बिस्किट पिवळट आणि साबणासारखे लागते, ते यामुळे. नानकटाईत चमचाभर दही घालतात त्यातले आम्ल हा उरलेला क्षार मारते. बेकरीवाले मात्र पातळ बिस्किटांना ‘अमोनिया’ घालतात, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. त्याचे उष्णतेने अमोनिया, कार्बन डायॉक्साइड आणि वाफ असे तिन्ही वायूच होतात, मागे काहीच उरत नाही. पूर्वी युरोपात हे हरणाच्या शिंगांपासून मिळवत. बिस्किट पातळ आणि कोरडे असेल तरच अमोनिया पूर्ण निघून जातो. जाड केकात तो अडकून राहील आणि वास येईल. दाराशी उभे राहून डोळे चुरचुरले तर आत अमोनियाची बिस्किटे भाजली जात आहेत असे समजावे.

तुपाऐवजी वनस्पती वापरण्याची चाल बेकऱ्यांत १९३७ नंतर, डालडा आल्यावर पडली. वनस्पती उन्हाळ्यातही घट्ट राहते, म्हणून बिस्किटाचा आकार टिकवायला ती सोयीची. पण वनस्पती तेलाला हायड्रोजन जोडून ती घट्ट करताना ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयाला वाईट. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपांत त्यांची मर्यादा २ टक्के केलेली आहे. शाळेत करताना लोणी किंवा घरचे तूप घ्यावे, थोडे कमी करावे लागले तरी चालेल.

या सगळ्यानंतर आम्ही पुन्हा एकदा बसलो. या वेळी चांदणी टिकवायची होती. मैदा सव्वादोन वाट्या, तूप पाऊण वाटी, पिठीसाखर पाऊण वाटी. सोडा अजिबात नाही. वेलचीपूड तुपात आधी मिसळून ठेवली, कारण तिचे सुगंधी तेल तुपात विरघळते आणि भाजताना सगळे उडून जात नाही. आणि मुख्य म्हणजे दोन ते तीन चमचे दूध. एवढ्याशा पाण्याने जी थोडी जाळी होते ती लाटण्यापुरती पुरते. दूध चमच्या-चमच्याने वाढवत मुलांनी तीन वेगवेगळे गोळे केले होते. बिनदुधाचा चिरफळला, तीन चमच्यांचा लाटला गेला, सहा चमच्यांचा छान लाटला गेला पण भाजल्यावर चिवट झाला. आजीचा पाण्याचा नियम आणि मुलांचा दुधाचा चमचा एकाच टेबलावर होते, हे आमच्या लक्षात नंतर आले.

पीठ गार करायला शाळेत फ्रिज नव्हता. डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी वाऱ्यावर अर्धा तास ठेवला. बाष्पीभवनाचा धडा आपोआप झाला. मग दोन कागदांमध्ये ठेवून जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटली आणि साच्यांनी कापली. कापलेल्या चांदण्या ताटलीसकट पुन्हा पंधरा मिनिटे गार केल्या. तूप जितके उशिरा वितळेल तितका पिठाला घट्ट व्हायला वेळ मिळतो.

भट्टी म्हणून जुना कुकर. तळाला दोन बोटे वाळू, तीवर तिवई, तिच्यावर ताटली. झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवायच्या. ही गोष्ट शिक्षकांनी स्वतः तपासावी, मुलांवर सोडू नये. पाण्याविना बंद कुकर म्हणजे अपघात. वाळू पंधरा मिनिटे तापू द्यावी. ताटलीत चिमूटभर मैदा टाकून पाहावा. मिनिटा-दोन मिनिटांत हळूहळू बदामी झाला तर आच बरोबर, लगेच काळा पडला तर जास्त. वाळूमुळे उष्णता एकदम चढत-उतरत नाही. भट्टीच्या विटांचे काम इथे वाळू करते. कुकरात वरून आच कमी मिळते, त्यामुळे बिस्किटे खालून तांबूस आणि वरून फिकी राहतात. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत ते याचसाठी. पाठारे प्रभूंच्या घरी भानोले असेच वर-खाली निखारे ठेवून भाजत.

मुलांनी कच्ची चांदणी टोकापासून टोकापर्यंत पट्टीने मोजून ठेवली होती, ५ सेंटिमीटर. भाजून निघाली ती ५.३ भरली. पहिल्या दिवशीचा मासा आठवून टाळ्या पडल्या. पानाच्या देठाने मात्र याही वेळी दगा दिला. देठ फारच बारीक होता आणि करपला. साचा करून देणाऱ्या वडिलांना तो जाड करायला सांगितला आहे. उरलेल्या सहा चमच्यांच्या गोळ्याचे काय करायचे असा प्रश्न होता. एका मुलाने तो घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने शंकरपाळे पाठवले.